गुडघा, गोळी आणि कॅटेगरी

सध्याचं पोस्टिंग अरुणाचलात आहे. इथे सपाट जमीन म्हटली की हेलिपॅड, बाकी सगळा चढ नाहीतर उतार. चढाचं काही वाटत नाही, दम लागतो आणि जातो. उतारावर मात्र माझा डावा गुडघा पावलं मोजायला लावतो. चौदा वर्षांपूर्वी राजौरीत रात्री नाल्यात उतरताना तो पिरगळला, लिगामेंट तुटलं, फाटलेल्या गादीचा तुकडा काढावा लागला. ऑपरेशन चांगलं झालं. पण हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती एकदा झिजू लागली की पुन्हा भरून येत नाही. म्हाताऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा संधिवात जुन्या मारामागून असा चाळिशीतच येतो.

फौजेत असे गुडघे शेकड्यांनी आहेत आणि त्यातले बरेचसे लपवलेले आहेत. माझ्या हाताखालचा एक हवालदार, साताऱ्याकडचा, बीपीईटीच्या आदल्या रात्री दोन गोळ्या घेऊन सकाळी पाच किलोमीटर धावायचा. विचारलं तर म्हणाला, "साहेब, एमआय रूमला गेलो की कॅटेगरी लागणार. मग प्रमोशनचं काय?" त्याचं चुकत नव्हतं. शेप-वन नसलेल्या माणसाकडे आपण कसं बघतो, हे त्याने वीस वर्षं पाहिलं होतं. सिक रिपोर्टच्या रांगेत उभा राहणारा तो कामचुकार, ही आपली जुनी समजूत. ती काही माणसांबाबत खरीही असते, म्हणून तर ती टिकते.

पण लपवण्याची किंमत कोण भरतं? रोजच्या डायक्लोफेनॅकने पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं थकतात. उंचीवर पाणी कमी प्यायलं जातं, त्यात ही गोळी म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी भार. (याच औषधाने आपली गिधाडं संपवली. ते दिलेली गुरं मेली की त्यांच्या मढ्यांतून ते गिधाडांच्या पोटात जायचं. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.) दुखणं उसळलं तर डॉक्टरांना विचारून चार दिवस गोळी घ्यावी, माझी हरकत नाही. तेच औषध मलमाच्या रूपात गुडघ्याला लावलं तर पोटाला त्रास बराच कमी होतो.

मला खरा आराम पडला तो मांडीच्या व्यायामाने. फिजिओने शिकवलं तेव्हा हसू आलं होतं, इतकं ते साधं आहे. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबून दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. असं पंधरा वेळा. मग पाय सरळ ठेवून उचलायचा. मग हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा धक्का तो झेलतो. महिनाभर काहीच फरक पडत नाही आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. तिसऱ्या महिन्यात माझी जिन्यावरची कुरकुर कमी झाली. दुखणं गेलेलं नाही, आटोक्यात आलं आहे. वजनाचंही तसंच. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. आईने पाठवलेलं महानारायण तेल आणि निर्गुडीचा शेक रात्री बरा वाटतो, झोप लागते. त्याला नावं ठेवणार नाही, पण तेलाने स्नायू तयार होत नाही.

आणि काठी. आपण छडी बगलेत दाबून ऐटीत चालतो, पण ती जमिनीला टेकायची म्हटलं की लाज वाटते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे गावाकडच्या माजी सैनिकांनी आवर्जून ध्यानात ठेवावं. बहुतेक जण उलटं धरतात.

नोकरीतल्या पोरांना मात्र दुसरी गोष्ट सांगायची आहे. मार लागला त्याच दिवशी तो कागदावर यायला हवा, इन्जुरी रिपोर्टसकट. संधिवात दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. रिलीज मेडिकल बोर्डासमोर तुम्ही म्हणाल, हे त्या पेट्रोलचं आहे. बोर्ड विचारेल, नोंद कुठे? अपंगत्व नोकरीमुळे आलं किंवा वाढलं हे मान्य व्हावं लागतं, आणि डिसॅबिलिटी पेन्शनसाठी ते किमान 20 टक्के भरावं लागतं. गोळ्या खाऊन काढलेल्या वर्षांची नोंद कुठेच नसते.

हे बदलायचं काम डॉक्टरांचं कमी आणि कंपनी कमांडरचं जास्त आहे. जवान लंगडतोय हे पीटी ग्राउंडवर आपल्याला आधी दिसतं. तिथे "क्या हुआ, जवान?" एवढं विचारून त्याला मेडिकल ऑफिसरकडे पाठवणं आणि नंतर त्याच्या नावापुढे मनातल्या मनात फुली न मारणं, यातलं दुसरं जास्त अवघड आहे.

आमच्याकडे आता नर्सिंग असिस्टंट संध्याकाळी एमआय रूमच्या व्हरांड्यात गुडघ्यांचे व्यायाम घेतो. सुरुवातीला मी धरून तिघे होतो. गेल्या आठवड्यात अकरा होते, त्यात दोन सुभेदार. टॉवेल प्रत्येकाने आपापला आणायचा असतो.