छतावरचा नकाशा

१७ मे २०२१. तौक्ते वादळ आठवतंय ना? कुलाब्याला वाऱ्याने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता. बोरिवलीत आमच्या तिसऱ्या मजल्यावर मी लॅपटॉप सांभाळत वर्क फ्रॉम होम करत होते. संध्याकाळी मान वर केली, तर बेडरूमच्या पांढऱ्याशुभ्र पीओपीवर चहाच्या रंगाचा डाग! आकार थेट श्रीलंकेसारखा.

डागाच्या बरोबर वर चौथ्या मजल्यावरच्या काकांचं बाथरूम. म्हणजे गुन्हेगार ठरलाच! फोटो काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘काका, तुमचं बाथरूम गळतंय. प्लीज लवकर बघा.’

काका रिटायर्ड, सज्जन माणूस. वाद घातला नाही. जूनमध्ये लाद्या उखडून नवं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. आठवडाभर काकू आंघोळीला शेजारी जायच्या. मी मात्र खूश. सोसायटीत काम करून घ्यायचं तर असं बोलावं लागतं, वगैरे.

जुलैत वाऱ्यासकट पाऊस आला आणि श्रीलंका पुन्हा ओली झाली. शेजारी आता मालदीवही!

मग आईने ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी वर नीट बघितलंही नाही. आधी विचारलं, “ताई, पाऊस नसतो तेव्हा हे ओलं होतं का?” नाही. “आणि पाऊस आहे, पण वारा नाही, तेव्हा?” आठवून बघितलं. तेव्हाही कोरडंच. “मग त्यांचं बाथरूम कशाला फोडलंत?”

बॉस, सगळा फंडा इथेच आहे. आपण बघतो पाणी कुठे आलं. आधी बघायचं असतं ते कधी आलं. बाथरूम रोज वापरलं जातं, त्यामुळे ते गळत असेल तर ऊन-पाऊस काहीही असो, डाग ओला राहतो. गच्ची गळत असेल तर वारा नसतानाही टपकतं आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ चालू राहतं. फक्त वाऱ्याच्या पावसात ओल येत असेल, तर संशय बाहेरच्या भिंतीवर, खिडकीवर किंवा भिंतीला पाडलेल्या एखाद्या भोकावर घ्यायचा.

आणि पाणी दिसतं तिथूनच शिरलेलं असतं असंही नाही. स्लॅबखालून, पाइपवरून, वायरवरून ते सरकत जातं आणि सोयीची जागा मिळाली की टपकतं.

मिस्त्रींनी मेन स्विच बंद करायला लावला, डागापाशी पीओपीचा चौकोन कापला आणि टॉर्च मारला. आत सुकलेल्या पाण्याची पांढुरकी रेघ. ती एका काळ्या केबलच्या सोबतीने सात फूट लांब, थेट बाहेरच्या भिंतीपर्यंत गेलेली.

ती केबल माझी होती. लॉकडाउनमध्ये मीच घाईघाईने घेतलेलं ब्रॉडबँड! गच्चीवरून भिंतीला धरून उतरलेली केबल थेट भोकात शिरली होती, आणि भोक बुजवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. वारा नसला की पाऊस सरळ पडतो, भिंत फारशी भिजत नाही. पश्चिमेचा वारा सुटला की पाणी केबलवरून घरात.

खात्री करायला वरच्या खिडकीतून केबलवर पाणी ओतायला हवं होतं. म्हणजे काकांची खिडकी. जिना चढताना पाय जड झाले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि बादली-मग घेऊन आले. तिसऱ्या मगाला खालून आई ओरडली, “आलं गं, आलं!”

उपाय काय, तर केबलला भोकाच्या आधी खाली एक झोका द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. मग भोक कोरडं असताना सीलंटने बुजवायचं. खर्च काकांच्या लाद्यांपुढे अगदीच किरकोळ.

तुमच्याकडे डाग दिसला तर आधी तारखा लिहून ठेवा. पाऊस होता का, वारा होता का. स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोकं धुळीने बुजली आहेत का बघा. भिंत नुसतीच दमट वाटत असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. थेंब मागच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, पुढे आले तर खोलीतल्या हवेची. वरच्यांच्या बाथरूमवर संशय असेल तर कोरड्या दिवसात नहाणीची जाळी बंद करून तिथे दिवसभर पाणी साठवून बघा. फोडाफोडी त्यानंतर. हे पैशांसाठीही महत्त्वाचं, कारण आदर्श उपविधींनुसार गच्चीतून गळणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीने करायची आणि फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट-सिंकची गळती सभासदाने.

अर्धा खर्च देऊ केला, तर काका म्हणाले, “राहू दे, बाथरूम छान झालंय.” पण त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, ‘काकांचं बाथरूम कधीच गळत नव्हतं. भोक आमचं होतं. सॉरी.’ आरोप चारचौघांत केला होता, माफी जिन्यात मागून कसं चाललं असतं?