खेकड्याचे बी आणि बाजाराचे पुढारपण

कोकणच्या किनाऱ्यावरील खारजमिनीचे मालक व खाडीकाठचे बागायतदार ह्यांच्यात खेकड्याच्या शेतीची चर्चा अलीकडे वाढली आहे. बांध फुटून पडीक झालेल्या खाजणात भात होत नाही, बांध नीट राखावयास मजूर मिळत नाहीत. उलट मोठ्या चिंबोरीस, जिला दक्षिण कोकणात कुर्ली म्हणतात, शहरांत व परदेशांत चांगला भाव येतो. तेव्हा पडीक खाजणात खेकडे का पोसू नयेत, हा प्रश्न साहजिकच आहे. ह्या धंद्यास आमचा विरोध नाही. परंतु त्याचा विचार ज्या क्रमाने होतो, तो क्रम आम्हांस उलटा वाटतो. लोक प्रथम तळ्याचा विचार करितात, मग भावाचा, आणि बियाण्याचा सर्वांत शेवटी. आमच्या मते ह्या धंद्याचे यशापयश दोन गोष्टींवर ठरते. बी कोठून येते ही पहिली; आणि बी निर्माण करणाऱ्यापासून दूरदेशीच्या गिऱ्हाइकापर्यंत जी साखळी आहे तिचे पुढारपण कोणाकडे आहे, ही दुसरी. ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे दाखविण्याचा आमचा येथे हेतू आहे.

प्रथम बियाण्याचे पाहू. खेकड्याची मादी खाडीत वाढते, परंतु अंडी फुटण्याचा समय आला म्हणजे ती समुद्राकडे जाते. अंडी ती पोटाखालच्या पाळीस चिकटवून वाहते, आणि एका मोठ्या मादीपाशी दहा लाखांहून अधिक अंडी असू शकतात. आरंभी नारिंगी असलेली ही अंडी दहाबारा दिवसांत काळसर होऊन फुटतात. त्यांतून जो जीव बाहेर पडतो तो खेकड्यासारखा मुळीच दिसत नाही. पाण्यात तरंगणारा, अंगावर काटे असलेला, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा असा तो डिंभ असतो. शास्त्रज्ञ त्यास झोइया म्हणतात. हा डिंभ एकामागून एक कात टाकीत पाच अवस्थांतून जातो. पाचवीनंतर त्यास नांग्या फुटतात व तो मेगॅलोपा होतो. आणि त्यातून आणखी आठवड्याभराने पहिला खराखुरा खेकडा निघतो, तोही बोटाच्या नखाहून लहान. उबदार समुद्रजलात ह्या सर्व स्थित्यंतरास तीन ते चार आठवडे लागतात.

हे तीनचार आठवडे म्हणजेच ह्या शेतीची खरी पेरणी होय, आणि तीत पिकाची हानी भयंकर होते. पाण्याचा खारटपणा समुद्राइतका हवा. उष्णमान फार चढता वा उतरता कामा नये. खाद्य जिवंत व तोंडात मावेल इतके बारीक हवे. पहिल्या दिवसांत रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव द्यावे लागतात, नंतर आर्टेमिया ह्या खारपाण्यातील कोळंबीसदृश प्राण्याची नुकती फुटलेली पिल्ले. एवढे करूनही टाकीत जंतू माजले तर एका रात्रीत टाकी रिकामी होते. पाचव्या अवस्थेतून मेगॅलोपा होताना कात अंगात अडकून पुष्कळ डिंभ मरतात. जे उरतात त्यांस नांग्या फुटताच ते परस्परांस खाऊ लागतात. म्हणून त्यांस दडावयास जाळ्या व आडोसे द्यावे लागतात. शेकडा पाचदहा डिंभांचे खेकडे झाले तरी बीजकेंद्रात ते पीक चांगले समजतात. ज्या शेतकऱ्यास शेकडा सत्तर उगवणीचे बी मिळाले तरी तो दुकानदाराशी भांडावयास जातो, त्याने हा आकडा ध्यानात धरावा.

ही विद्या एका दिवसात हाती आलेली नाही. सन १९६४ साली मलेशियातील पेनांग येथील संशोधक ओंग का सिन ह्यांनी खाडीतील ह्या खेकड्याचे डिंभ प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या अवस्थांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे फिलिपाइन्समधील तिगबाउआन येथील आग्नेय आशियाई मत्स्यसंस्थेने टाक्या, खाद्य व संगोपन ह्यांची पद्धत बसविली. व्हिएतनामात तर बीजोत्पादन लहान लहान खाजगी केंद्रांच्या हाती गेले. सन १९९८ साली कीनन, डेव्ही व मान ह्या तिघांनी ह्या खेकड्याच्या चार जाती निश्चित केल्या, त्यामुळे आपण नेमके कोणते बी वाढवितो हे सांगता येऊ लागले. आपल्याकडे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने तमिळनाडूत तोडुवाई येथे बीजकेंद्र उभारले, व बीजोत्पादनाच्या पद्धतीबद्दल त्या संस्थेस एकस्वही मिळाले. महाराष्ट्र शासनाच्या, सन २०१२ साली स्थापन झालेल्या, कांदळवन कक्षाच्या प्रयत्नाने सिंधुदुर्गाच्या खाड्यांत बचत गटांनी खारफुटीत जाळीची कुंपणे घालून खेकडे पोसले. त्यांसही बी तमिळनाडूतूनच आणावे लागले. पूर्व किनाऱ्यावरचे बी पश्चिम किनाऱ्यावर आणावयाचे म्हणजे प्रवासातील मर आलीच.

आता ज्यास हे बी मिळत नाही किंवा परवडत नाही तो काय करितो? तो खाडीतून धरलेली पिल्ले विकत घेतो. ती स्वस्त वाटतात, पण त्यांत जातींची भेसळ असते. मोठी होणारी जात व लहान राहणारी तांबूस जात एकाच तळ्यात येतात. दुसरी बिळे पाडून राहते, बांध पोखरिते, आणि विक्रीच्या वेळी वजनास उतरत नाही. शिवाय आज जे पिल्लू धरिले ते उद्याच्या मादीचे बी आहे. दरसाल पिल्ले काढीत गेल्यास खाडीच रिकामी होईल. मग आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? खाडीवर पोट असलेल्या चिंबोऱ्या पकडणाऱ्या स्त्रीपुरुषांचा घास ह्यात प्रथम जाईल.

येथवर आपण साखळीचा आरंभ पाहिला. आता तिचे दुसरे टोक पाहू. खेकडा जिवंत विकला तरच त्यास भाव येतो. नांग्या बांधून, ओलसर ठेवून, विमानाने तो सिंगापूर, चीन इत्यादी देशांस जातो. भाव ठरतो तो वजनावर आणि अंगात मांस किती भरले आहे ह्यावर. नुकतीच कात टाकलेला खेकडा आत पाण्याने भरलेला व पोकळ असतो; त्यास अडत्या बाजूस काढितो. ही निवड कोण करितो? विकत घेणाराच. वजन कोण करितो? तोच. कालचा परदेशी भाव कोणास ठाऊक असतो? त्यासच. सन २०२० च्या जानेवारीअखेर साथीच्या भयाने चीनची खरेदी थांबली, तेव्हा सुंदरबनात व शेजारच्या बांगलादेशात विक्रीस तयार असलेले खेकडे तळ्यांत व कोठारांत अडकून पडले. ती हानी परदेशी गिऱ्हाइकाने सोसली नाही, मधल्या मोठ्या व्यापाऱ्यानेही थोडीच सोसली. ज्याने कर्ज काढून खेकडा पोसला व ज्याने तो चिखलात उतरून पकडला, त्यांच्यावर ती पडली.

व्यापाराच्या साखळ्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी ह्या स्थितीस नाव दिलेले आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ गॅरी गेरेफी ह्यांनी सन १९९४ साली असे मांडिले की, काही साखळ्या उत्पादक चालवितात व काही साखळ्या गिऱ्हाईक चालविते. खेकड्याची साखळी निःसंशय दुसऱ्या प्रकारची आहे. पुढारपणाविषयीही असाच एक भेद आहे. जेम्स मॅक्ग्रेगर बर्न्स ह्यांनी सन १९७८ च्या आपल्या ग्रंथात देवाणघेवाणीचे पुढारपण व माणसास वर उचलणारे पुढारपण असे दोन प्रकार सांगितले. पुढील संशोधकांनी हाच भेद पुरवठ्याच्या साखळ्यांस लावून पाहिला. पहिल्या प्रकारचा पुढारी माल घेतो, दाम देतो, आणि माल बिघडला तर दुसऱ्याकडे जातो. दुसरा आपली माहिती इतरांस देतो, त्यांची विद्या वाढवितो, आणि वाईट वर्षाचा भार वाटून घेतो. आमच्या मते पुढाऱ्याची कसोटी एकच: साखळीतील सर्वांत दुबळी कडी तुटू लागली असता तिच्यासाठी पदरचे कोण मोजतो? खेकड्याच्या धंद्यात ती दुबळी कडी म्हणजे डिंभ होय. जो डिंभाच्या मरीत वाटेकरी होत नाही, त्याने पुढारी म्हणवून घेऊ नये. मग तो कितीही मोठा निर्यातदार असो.

ह्या कसोटीस उतरणारी उदाहरणे दूर नाहीत. खेडा जिल्ह्यातील दूध मुंबईस पाठविण्याचा मक्ता एकाच दुग्धालयाच्या हाती होता. तेव्हा शेतकऱ्यांनी सन १९४६ साली त्रिभुवनदास पटेल ह्यांच्या पुढारपणाखाली आपला संघ काढिला. ह्या संघाचे मर्म केवळ भाव वाढविण्यात नव्हते. गावात दूध मोजणे, त्यातील स्निग्धांश तपासणे, जनावरांस वैद्य व वैरण पुरविणे, ही कामे संघाने स्वतःकडे घेतली, म्हणून पुढारपण त्याच्याकडे टिकले. आमच्या प्रांतात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांनी प्रवरेच्या काठी साखर कारखाना उभा केला, तोही उसाचा धनी साखरेचाही धनी व्हावा ह्याच विचाराने. मागाहून अशा संस्थांत जे दोष शिरले ते आम्ही जाणतो. परंतु मालकी उत्पादकाची असावी हा मूळ विचार त्या दोषांमुळे खोटा ठरत नाही.

तिसरे उदाहरण ह्याच विषयातील आहे. डिंभांचे खाद्य जो आर्टेमिया, त्याची अंडी मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील यूटा संस्थानाच्या विस्तीर्ण खारट सरोवरातून येतात. तेथे अंडी गोळा करणाऱ्यांनी आपली सहकारी संस्था केली आहे, आणि सरकारी खाते सरोवरातील अंड्यांची मोजणी करून, ती ठराविक प्रमाणाखाली येताच हंगाम बंद करिते. पुढच्या वर्षाचे बी सरोवरात राहिले पाहिजे, हे तेथे सर्वांस मान्य आहे. आमच्या खाड्यांविषयी असा नियम आपणहून पाळणारी संस्था आम्हांस हवी आहे.

काही जण म्हणतील की, बीजकेंद्र काढणे हे सरकारचे काम. शेतकऱ्याने त्यात पडू नये. संशोधनाचा व पहिल्या उभारणीचा भार सरकारने घ्यावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु सरकारी केंद्र बी देईल, ते गावात रुजविण्याची जबाबदारी कोण घेईल? दुसरे म्हणतील की, हे सर्व खाजगी भांडवलदारावर सोपवावे, तो चटकन करील. तो करील खरे; पण बी त्याचे, खाद्य त्याचे आणि खरेदीही त्याचीच झाली, म्हणजे शेतकरी आपल्याच खाजणात गडी होऊन राहील. व्हिएतनामातही केंद्रे खाजगीच आहेत, परंतु ती लहान व पुष्कळ आहेत, त्यामुळे बी घेणाऱ्यास निवड राहते. एकाच धन्याच्या हाती सर्व दोऱ्या जाणे हे निराळे.

यास्तव ज्या तालुक्यांत हा धंदा करावयाचा आहे तेथील शेतकरी मंडळांनी तळी खोदण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्या, असे आम्ही सुचवितो. बियाण्याची मागणी एकेकट्याने न करिता मंडळाने एकत्र करावी, काही रक्कम केंद्रास आगाऊ द्यावी, व बी बिघडल्यास तोटा कोणी किती सोसावयाचा हे आधी लेखी ठरवावे. आलेले कोवळे बी सरळ तळ्यात न सोडता खाडीकाठी एका सामाईक संगोपनगृहात तीनचार आठवडे वाढवून मग सभासदांस मोजून द्यावे. खाडीतील पिल्ले व अंडी वाहणारी मादी कोणी घेऊ नये, असा निर्बंध मंडळाने घालावा. आणि चिंबोऱ्या पकडणाऱ्यांस सभासद करून घ्यावे, कारण खाडीचे ज्ञान त्यांच्याइतके कोणास नाही. विक्रीच्या वेळी निवड व वजन मंडळाच्या माणसाने करावे, आणि भाव फळ्यावर लिहावा. प्रत्येक विक्रीतून एक ठराविक वाटा राखीव निधीत टाकावा, म्हणजे २०२० सारखे वर्ष पुन्हा आल्यास सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही.

दोन सूचना कायद्याच्या व जमिनीच्या. किनारी जलशेतीस सन २००५ च्या, व सन २०२३ साली सुधारलेल्या, केंद्रीय कायद्याचे नियम लागू आहेत, ते आधी समजून घ्यावे. आणि खारफुटी तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने सन २०१८ च्या निकालाने बंदी केलेली असल्याने तिच्यावर कुऱ्हाड घालून तळे करण्याचा विचारही मनात आणू नये. तसेच ज्या खाजणात अद्याप भात होतो ते घाईने खेकड्यास देऊ नये. उघाडी उघडून खारे पाणी आत घेणे एका भरतीचे काम आहे. तीच जमीन पुन्हा गोडी करण्यास कित्येक पावसाळे व पुष्कळ कष्ट लागतात.

डिंभ लहान आहे म्हणून त्याचा प्रश्न लहान नाही. शेकडा नव्वद मरणाऱ्या ह्या जिवाचा भार आज एका टोकास बीजकेंद्र वाहते, दुसऱ्या टोकास गरीब पोसणारा. मधला मात्र मोकळा राहतो. मंडळांनी हा भार वाटून घेण्याची तयारी दाखविली, तर बाजारातील त्यांच्या शब्दासही वजन येईल. तशी तयारी नसेल तर पडीक खाजण आणखी एक वर्ष पडीक ठेवावे. कर्जाने खेकडा पोसण्यापेक्षा त्यात तोटा कमी आहे.