लोकांना बदल नको असतो म्हणे

आमच्या धंद्यात एक वाक्य फार स्वस्त आहे: 'लोकांना बदल नको असतो.' नवीन अपडेट गेलं, रिव्ह्यूंमध्ये शिव्या आल्या, की मीटिंगमध्ये कोणीतरी हे म्हणतंच. सगळे माना डोलावतात आणि 'होईल सवय' म्हणत पुढच्या कामाला लागतात.

मला हे साफ खोटं वाटतं. यूपीआय २०१६ साली आलं. भाजीवाल्या मावशींना त्याचं ट्रेनिंग कोणी दिलं होतं? नोटाबंदीने धक्का दिला हे खरं, पण नोटा परत आल्यावरही गाडीवरचा कोड कोणी उतरवला नाही. फायदा दिसत होता आणि रोख घेणंही बंद झालं नव्हतं.

आता विंडोज ८ बघा. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात बसलेलं स्टार्ट बटण मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये टॅबलेटच्या नादात काढून टाकलं. माउस त्याच कोपऱ्यात नेला की काम व्हायचं, फक्त तिथे काही दिसायचं नाही! बोंब झाली. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं, २०१५ मध्ये विंडोज १० सोबत मेनूही आला. बोंब मारणारे अडाणी होते, तर हे परत कशाला आणलं?

ऑफिस २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन आली, तेव्हाही आरडाओरडा झालाच. पण एक्सेलमध्ये आल्ट, ई, एस ओळीने दाबून बघा, पेस्ट स्पेशल आजही उघडतं. ई म्हणजे एडिट मेनू. तो स्क्रीनवरून कधीच गेलाय, तरी अकाउंटंटच्या बोटांसाठी त्याचा रस्ता कोणीतरी राखून ठेवला. रिबन टिकली.

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या बाईंची बोटं स्क्रीनकडे न बघता चालतात. आम्ही एक बटण सरकवतो आणि ती कमाई एका रात्रीत जाते. रांग वाढते, बोलणी त्या खातात. आमच्या अप्रेझलमध्ये मात्र 'रीडिझाइन केलं' असं झोकात लिहिता येतं. 'सगळं जिथल्या तिथे ठेवलं' यासाठी रकानाच नाही.

जुना मार्ग वर्षभर चालू ठेवायचा तर खर्च येतो, असं उत्तर मिळतं. येतो ना, टेस्टिंग वाढतं, ते आम्हीच करतो. मग तो खर्च आमच्या एस्टिमेटमध्ये धरा. आत्ता तो काउंटरवरच्या बाई भरताहेत.