एआय अवतार आले, मग सांकेतिक भाषेचा दुभाषी व्हायचं की नाही?

गेल्या काही महिन्यांत एकाच अर्थाचे मेसेज बऱ्याच जणांनी पाठवले. बारावी झाली आहे, सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायचा विचार आहे, पण आता एआयच खुणा करून दाखवतंय, तर कोर्स संपेपर्यंत काम उरेल का? विचारणाऱ्यांपैकी एका मुलीचा सख्खा भाऊ कर्णबधिर आहे. तिच्यासाठी हा नुसता नोकरीचा प्रश्न नाही.

माझं मत आधीच सांगतो: आवड असेल तर करा. का, ते जरा सविस्तर बघू.

आधी यंत्राची बाजू. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. एक, कॅमेऱ्यासमोर कुणी खुणा केल्या की त्यांचं वाक्य करणं. दोन, लिहिलेलं वाक्य घेऊन पडद्यावरच्या बाहुलीकडून, म्हणजे अवतारकडून, खुणा करून घेणं. पहिलं काम जास्त अवघड आहे. मे २०२५ मध्ये गूगलने साइनजेम्मा नावाचं मॉडेल जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडे "आता दुभाष्याची गरज संपली" छापाचे व्हिडिओ फिरले. पण ते मॉडेल अमेरिकन सांकेतिक भाषा आणि इंग्रजी या जोडीवर सर्वांत चांगलं चालतं, हे कंपनीनेच सांगितलं होतं. भारतीय सांकेतिक भाषा, म्हणजे आयएसएल, ही वेगळी भाषा आहे. साधी मुळाक्षरंच बघा ना, अमेरिकेत ती एका हाताने दाखवतात, आपल्याकडे दोन हातांनी.

आता आपल्याकडचा डेटा किती? आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत गटाने २०२० मध्ये 'इन्क्लूड' हा संच काढला. त्यात २६३ शब्दांच्या खुणा आहेत आणि चार हजारांवर व्हिडिओ. आयआयटी कानपूरच्या गटाने २०२४ मध्ये 'आयसाइन' आणला, त्यात १ लाख १८ हजारांवर वाक्यजोड्या. आकडा मोठा वाटतो. पण त्याच एआय-फॉर-भारतने भारतीय भाषांच्या लिखित भाषांतरासाठी जमवलेला संच सुमारे २३ कोटी वाक्यजोड्यांचा आहे, आणि तरीही मशीनचं मराठी कधीकधी कसं येतं ते तुम्ही रोज वाचताच. शिवाय आयसाइनमधली जोडी आयएसएल आणि इंग्रजीची आहे. म्हणजे लातूरच्या दवाखान्यात ते वापरायचं तर खुणांचं इंग्रजी आणि मग इंग्रजीचं मराठी. दोन उड्या, आणि प्रत्येक उडीत थोडं सांडणार.

बरं, डेटा वाढेलही. माझा मुख्य मुद्दा दुसराच आहे.

मी काही महिने एका प्राथमिक वर्गाला जात होतो. शिकवणारे सर स्वतः कर्णबधिर, आणि वर्गात बोलायला पूर्ण मनाई. पहिल्या दिवशी आम्ही सगळे हातांकडे बघत बसलो. सरांनी कपाळावर हात मारला आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही औषध घेतलं" आणि "तुम्ही औषध घेतलं?" या दोन्ही वाक्यांत हात तेच करतात. प्रश्न विचारताना डोळे मोठे होतात, मान किंचित पुढे येते. मराठीत आपण जे काम आवाजाच्या चढाने करतो, ते इथे चेहरा करतो. नकाराची खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते, सोबत मान हलते. 'काय', 'कुठे' हेही शेवटी. मराठी माणसाला हा क्रम इंग्रजी माणसापेक्षा लवकर रुळतो, हा आपला छोटासा फायदा.

आणि मग जागेचा वापर. गोष्टीतली आई डावीकडे 'ठेवली', डॉक्टर उजवीकडे, की पुढची दहा वाक्यं नुसतं त्या बाजूला बोट किंवा नजर वळवून कोण कुणाला काय म्हणालं ते कळतं. हाताचे सांधे टिपणाऱ्या सॉफ्टवेअरला (गूगलचं मीडियापाइप एका हातावर २१ बिंदू धरतं) हात दिसतो. दोन मिनिटांपूर्वी हवेत ठेवलेली आई लक्षात ठेवणं हे बरंच पुढचं काम आहे.

अभ्यासक्रमाची दोन वर्षं यातच जातात. तो भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, मान्यतेचा असतो. बारावीनंतर प्रवेश मिळतो आणि आपल्याकडे मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेचं नाव त्यासाठी जुनं आहे. दिल्लीचं आयएसएलआरटीसी हे केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. तिथल्या शब्दकोशाने २०१८ मधल्या ३,००० शब्दांपासून २०२१ मध्ये १०,००० चा टप्पा गाठला. पण शब्द पाठ करणं हा सोपा भाग. कठीण भाग म्हणजे ऐकता ऐकता खुणा करणं, खुणा बघता बघता बोलणं, स्वतःचं मत मध्ये न घालणं, ऐकलेलं बाहेर न सांगणं. आणि कळलं नाही तर थांबून पुन्हा विचारणं. हे काम इतकं दमवतं की मोठ्या कार्यक्रमाला दोघं लागतात आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी अदलाबदल करतात.

चुकलं तर काय होतं? डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला नेल्सन मंडेलांच्या श्रद्धांजली सभेत जगभरच्या नेत्यांशेजारी उभा राहून एक माणूस तासन् तास खुणा करत होता. टीव्हीवर बघणाऱ्या कर्णबधिरांनी लगेच सांगितलं की याला काही अर्थच नाही. स्टेडियममधल्या ऐकू येणाऱ्या हजारो लोकांना मात्र सगळं व्यवस्थित वाटत होतं. मला अवतारची भीती इथे वाटते. कार्यालयासाठी असं सॉफ्टवेअर विकत घेणारा अधिकारी ऐकू येणारा असतो. बाहुली हात हलवतेय, म्हणजे सोय झाली, असं तो समजणार. चूक ज्याला दिसेल त्याला खरेदीच्या बैठकीत कुणी बोलावलेलंच नसतं.

कोर्टात तर हे परवडणारच नाही. बोलता न येणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या साक्षीचं व्हिडिओ चित्रण करायचं, अशी तरतूद २०१३ मध्ये पुरावा कायद्यात आली. अत्याचाराच्या खटल्यात एखादी मुलगी खुणांनी सांगत असेल, तर 'ढकललं' की 'ओढलं' हा फरक निकाल फिरवू शकतो. सॉफ्टवेअर त्यातला जास्त शक्यतेचा पर्याय देऊन पुढे जाईल. शिकलेला दुभाषी न्यायाधीशांना म्हणेल, थांबा, मला पुन्हा विचारू द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या, तेही व्हिडिओ कॉलवरून. तंत्रज्ञानाचा हा उपयोग मला पटतो: माणूस मध्येच, फक्त अंतर गेलं. तालुक्याच्या ठिकाणी दुभाषी मिळत नसेल तर मुंबई-पुण्यातला दुभाषी मोबाइलवर मिळावा, यासाठी नवा शोध लागायला नको, दुभाषी पुरेसे हवेत. २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची संख्या ५० लाखांवर होती. त्या मानाने दुभाषी फारच थोडे आहेत.

अवतार अगदी टाकाऊ आहेत असं नाही हं. ठरलेल्या, न बदलणाऱ्या मजकुराला, जसं स्टेशनवरची घोषणा, ते चालतील, तेही कर्णबधिरांकडून तपासून घेतल्यावर. जागतिक कर्णबधिर महासंघाने आणि दुभाष्यांच्या जागतिक संघटनेने २०१८ मध्येच साधारण हीच भूमिका घेतली होती. म्हणजे ठरलेल्या मजकुराचं थोडंफार काम यंत्राकडे जाईल, हे गृहीत धरूनच चाला.

आणि हे मॉडेल सुधारायचं तरी कसं? चांगल्या खुणा करणाऱ्या माणसांचे व्हिडिओ लागतील, ते कुणीतरी बघून वाक्यं लिहावी लागतील, चुका पकडाव्या लागतील. ते करणार कोण? कर्णबधिर शिक्षक आणि हेच दुभाषी.

त्या मुलीला मी दोन गोष्टी कळवल्या. प्रवेश घेण्याआधी केंद्राकडे विचार की शिकवणाऱ्यांत कर्णबधिर शिक्षक किती आहेत आणि प्रत्यक्ष सराव कुठे होतो. आणि आरसीआयच्या वेबसाइटवर त्या केंद्राची यंदाची मान्यता बघून घे, कारण शनिवार-रविवारच्या वर्गाच्या सर्टिफिकेटवर परिषदेची नोंदणी मिळत नाही. भाऊ घरात आहेच, त्यामुळे सरावाला आजपासूनच सुरुवात करता येईल.