कोयीचे झाड

आमच्या वाडीत कोणी आंब्याची कोय रुजत घातली की लोक हसतात. "कलम आण, चार-पाच वर्षांत आंबे खाशील," असा सल्ला मिळतो. सल्ला खोटा नाही. कोयीच्या झाडाला फळ धरायला सात-आठ, कधी दहा वर्षेही लागतात. शिवाय हापूसची कोय लावून हापूसच मिळेल अशी आशा धरू नये. तिच्यात दुसऱ्या झाडाचा पराग मिसळलेला असतो. खात्री फक्त कलमाची. हे सारे मान्य करूनही माझे स्पष्ट मत आहे की, घरटी एक तरी झाड कोयीचे असावे.

कारण कलम तरी कशावर बांधतात? रायवळाच्या कोयीतून आलेल्या कोवळ्या रोपावरच! वर हापूसची काडी, खाली रायवळाचे मूळ. कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने १९८१ साली 'रत्ना' ही जात दिली, ती नीलम आणि हापूस यांच्या संकरातून. म्हणजे तिचेही पहिले झाड कोयीतूनच उगवले.

रायवळाच्या दोन झाडांची चव सारखी नसते. म्हणून तर एकेका झाडाला नाव. आमच्या मागीलदारी 'खोबऱ्या' होता, आजीने कोय टाकून वाढवलेला. लोणच्याला तोच, साठांनाही तोच. मी बारावी झाले त्या वर्षी, आंबे उतरल्यावर, तो लाकूडवाल्याला दिला. त्या पैशांतून माझा प्रवेश झाला, वसतिगृहाची फी भरली. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तक्रार कोणत्या तोंडाने करू? पण त्या दिवशी आजी जेवली नाही, हे लिहायलाच हवे.

कोय ओली असतानाच लावावी. वाळली की थोड्याच आठवड्यांत तिचा जीव जातो. पहिली पाने तांबूस आणि लोंबती येतात. रोप मेले असे समजून उपटू नये (मी लहानपणी उपटले आहे).

त्याच पावसाळ्यात खोबऱ्याची एक कोय उकिरड्यावर रुजलेली मला दिसली. तिचा खोबऱ्याच होईल असे नाही. तरी मातीसकट उचलली आणि मागीलदारच्या खड्ड्यात लावली. खड्डा काकांनी हापूसच्या कलमासाठी खणला होता. सध्या रोप माझ्या कमरेएवढे आहे, आणि काका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.