जत्रेचा खर्च आणि पाण्याची घागर

मुलाबाळांसह एखाद्या मोठ्या क्रीडोद्यानातून परतलेल्या गृहस्थास विचारून पाहावे. तेथील पाळणा किती उंच होता, हे तो तत्काळ सांगेल; परंतु त्या पाळण्याचे खिळेपट्टे रोज सकाळी कोण तपासतो आणि मुले ज्या कुंडात डुंबली त्यातील पाणी कोण शुद्ध करतो, हा प्रश्न त्याच्या मनात बहुधा उद्भवलेलाच नसतो. चालकांचा पैसाही पुष्कळदा त्याच वाटेने जातो. नवा पाळणा दिसतो, त्याची जाहिरात करता येते; नळाची गळती थांबविली तर ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

१७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वॉल्ट डिस्ने यांचे ‘डिस्नेलँड’ उघडले, तेव्हा हाच पेच निराळ्या रूपाने त्यांच्यापुढे उभा राहिला होता. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची तोटी आणि शौचकूपे ही दोन्ही कामे वेळेवर पुरी होण्याजोगी नव्हती. डिस्ने यांनी शौचकूपे निवडली. दिवस कडक उन्हाचा होता. लोक तहानेने व्याकूळ झाले, आणि शीतपेये खपावीत म्हणूनच पाणी ठेवले नाही, असा बोलही त्यांना ऐकावा लागला. तरीही आमच्या मते हा निर्णय योग्यच होता. तहानलेल्या माणसास पेला विकत घेऊन तरी तहान भागविता येते. पण हजारो मुले जमलेल्या ठिकाणी शौचकूप नसेल, तर त्याची भरपाई कोणत्या दुकानात मिळणार?

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात पाळणे, चक्रे आणि खेळण्यांची दुकाने ही सर्व मौज एका ठिकाणी पाहावयाची, तर पुष्य अमावास्येच्या सुमारास इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर गाठावे. मेसराम या गोंड कुळाचे नागोबाचे देवस्थान तेथे आहे. कुळातील माणसे कित्येक दिवस पायी चालून गोदावरीचे पाणी झारीत भरून आणतात, वडाच्या झाडांखाली मुक्काम करतात आणि मग पूजा होते. यवतमाळ, चंद्रपूर या बाजूंनी मराठी बोलणारी माणसेही येतात. १९४० साली कोमराम भीम जोडेघाटला मारले गेल्यानंतर निजाम सरकारने आदिवासींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करविली. त्या कामी आलेल्या हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाच्या प्रयत्नाने याच जत्रेत अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला. तो आजही भरतो.

आम्हांस या जत्रेतील एका गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून मेसराम दर वर्षी नवी मातीची भांडी घडवून घेतात, आणि कुळाच्या लेकी त्याच नव्या घागरींतून पूजेसाठी पाणी वाहून आणतात. स्वयंपाकाच्या चुलीही ठरावीकच असतात. हा धर्माचार आहे, आरोग्याचा नियम नव्हे; पण पाणी कोणी आणावे, कशातून आणावे, हे जेथे आधी ठरलेले असते, तेथे अर्धे काम झालेले असते. याच कुळाने आपसांत वर्गणी करून सुमारे ५ कोटी रुपये जमविले, काळ्या दगडाचे नवे मंदिर बांधले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते खुले केले. जे वर्गणी देतात तेच हिशेब विचारतात. तो पैसा वाया जाणे कठीण.

प्रश्न उरतो तो कुळाबाहेरच्या अफाट गर्दीचा. दर माणशी दिवसाला १५ लिटर पाणी हे आपत्कालीन छावण्यांसाठी ठरविलेले किमान माप आहे. मुक्कामास १०,००० माणसे धरली, तरी रोजचे दीड लाख लिटर होते. म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या १५ खेपा. टँकरांचे बिल मोठे, म्हणून त्याची चर्चा पुष्कळ होते. पण ते पाणी निर्जंतुक करण्यास किती लागावे? साधारण स्वच्छ पाण्यास १,००० लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. दीड लाख लिटरांस हिशेब अवघा ३७५ ग्रॅमचा! घरातील गृहिणी आठवड्याला जेवढी साखर चहात घालते, त्याहून ही पुडी जड नसावी.

मात्र पुडी स्वतः पाण्यात उडी घेत नाही. पावडरीचे पोते उघडे राहिले की तिची शक्ती उडून जाते. गढूळ पाण्यास अधिक मात्रा लागते. घातल्यावर अर्धा ते एक तास थांबावे लागते आणि मग नळाशी पाण्याचा नमुना घेऊन त्यात क्लोरीन उरले आहे की नाही, हे पाहावे लागते. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेच पाहिजे. हे काम एका जाणत्या माणसाचे आहे, आणि ते पहिल्या दिवशी मंत्र्यांच्या दौऱ्यापुरते करून भागत नाही. खर्च पावडरीचा नव्हे, त्या माणसाच्या रोजाचा आहे. आणि अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी तेथेच. कमान, रोषणाई आणि मंडप यांवर सही करताना कोणाचा हात अडखळत नाही. सफाई कामगाराचे दोन जादा दिवस मात्र ‘अनावश्यक’ ठरतात.

शौचकूपांचीही हीच कथा. जत्रा सरली की कुलूप लागते, टाकी कोरडी पडते, आणि वर्षाने दार उघडावे तर आत वाळवी आणि कोळिष्टके. बांधकामाच्या रकमेतील थोडा भाग वर्षभराच्या देखभालीसाठी वेगळा काढून ठेवला आणि किल्ली कोणाकडे राहील, हे त्याच कागदावर लिहिले, तर पुढील वर्षी नव्याने बांधण्याची पाळी येणार नाही. आपल्याकडील वांद्र्याच्या जत्रेपासून खेड्यातील लहानशा सणापर्यंत, वर्गणीचा तक्ता करणाऱ्या प्रत्येक समितीस हे करता येईल. तक्त्यात रोषणाईच्या वर एक ओळ मोकळी ठेवावी: पाणी तपासणारा, रोज तीन वेळा, शेवटच्या दिवसापर्यंत.