लिलावाचे घर आणि तयार पैसा

मुलांच्या शिक्षणाकरिता छत्रपती संभाजीनगरात आपले एखादे घर असावे, अशी इच्छा कन्नड, सिल्लोड, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांतील अनेक शेतकरी बंधूंच्या मनात असते. थकलेल्या कर्जापोटी बँकांनी ताब्यात घेतलेली घरे लिलावात स्वस्त मिळतात, असे कानी येताच पुष्कळजण तिकडे वळतात. त्यात गैर काही नाही. तथापि घराची किंमत पाहण्यापूर्वी पैशाची मुदत पाहावी, एवढेच आम्हास येथे सांगावयाचे आहे.

आमची सारी कारकुनी महसूल खात्यात झाली. बोली सुटताच चौथाई भरावयाची आणि बाकी पंधरा दिवसांत, हा रिवाज १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही आहे. बँकांच्या लिलावास लागणारा २००२ चा सरफेसी कायदा व त्याखालील नियम यांची घडणही तशीच आहे. बोलीपूर्वी अनामत भरावी लागते. ती बहुधा राखीव किमतीच्या दहा टक्के असते. बोली मान्य झाली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, अनामत धरून पंचवीस टक्के भरावे लागतात. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. मुदत वाढू शकते. पण ती बँकेने लेखी मान्य केली तरच, आणि तीन महिन्यांच्या आतच.

हिशोब करून पाहू. राखीव किंमत २८ लाख, अनामत २ लाख ८० हजार. बोली ३० लाखांस सुटली, तर चौथाई ७ लाख ५० हजार होते. म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत आणखी ४ लाख ७० हजार आणि पुढे २२ लाख ५० हजार. यांशिवाय मुद्रांक शुल्क, थकलेली घरपट्टी व सोसायटीची बाकी आहेच. जुनी वीजबाकी फेडल्याखेरीज नव्या मालकास जोडणी न देण्याचा नियमही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरविला आहे.

आमच्या एका स्नेह्यांनी श्रावणात बोली लावली. कपाशी शेतात उभी, अद्रकीचे पैसे अडत्याकडे येणे, आणि बाकीस कर्ज मिळेल असा एका बँकेचा तोंडी शब्द. पुढे घराचा ताबा केवळ कागदोपत्री असल्याचे पाहून त्या बँकेने कर्ज नाकारले. पंधरा दिवस उलटले आणि चौथाई जप्त झाली. अशी जप्ती नियमास धरूनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

कोणी म्हणेल, बँकेलाही घर विकावयाचेच आहे, ती थोडे थांबेल. थांबेलही, पण दुसऱ्याच्या मर्जीवर चौथाई पणास लावणे हा व्यवहार नव्हे. लिलावाची तारीख कापसाची वेचणी पाहून ठरत नाही. शेतात उभे असलेले पीक ही आशा आहे, रोकड नव्हे.

यास्तव आमचे मत असे की, सबंध रक्कम आपल्या खात्यात जमा असल्याशिवाय, अथवा त्याच घराचे कागद व ताबा पाहून दिलेली कर्जाची लेखी मंजुरी हाती असल्याशिवाय अनामत भरूच नये. बोलीची कमाल मर्यादा घरीच कागदावर लिहावी व चढाओढीत ती ओलांडू नये. मोठी रक्कम पाठविण्याची सोय आपल्या शाखेत आधीच करून ठेवावी.

आणखी एक. सरफेसी कायद्याचा हात शेतजमिनीपर्यंत पोहोचत नाही. कायद्यानेच ती वगळली आहे. पण शहरातील घराची बाकी भागविण्याकरिता तीच जमीन सावकारास लिहून दिली, तर त्या संरक्षणाचा उपयोग काय? लिलावातील घर हुकले तर पुढच्या महिन्यात दुसरे निघेल. वाडवडिलांचे शेत एकदा गेले की पुन्हा येणे कठीण.